दुकानदाराच्या कामाची सुटी बिले

कोल्हापुरात चपलांचा धंदा मंद चालला आहे अशी तक्रार कुणी केली, की समोरच्याकडून एक सल्ला हमखास मिळतो: "ऑनलाइन टाका की." सल्ला देणारा पुण्यातला भाचा असतो, बँकेतला ओळखीचा अधिकारी असतो, नाहीतर शेजारच्या दुकानातला मोबाइलवाला असतो. कुणीही असला, तरी त्याच्या बोलण्यामागची समजूत ठरलेली असते. ऑनलाइन विक्रीत मधला माणूस उरत नाही, दुकानाचे भाडे लागत नाही, गिऱ्हाईक साऱ्या देशातून आपोआप येते आणि कारागिराला मालाचा पुरा भाव मिळतो, अशी ती समजूत. मी हिशेब लिहिणारा माणूस आहे. चप्पल लाइनीतल्या काही दुकानांची जीएसटी विवरणे माझ्याकडे असतात, त्यामुळे ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांसारख्या मार्केटप्लेसवरून येणारे पैसे कोणत्या वाटेने येतात आणि वाटेत कुठे कुठे गळतात, हे मला दर महिन्याला पाहावे लागते. ते पाहून माझे मत असे झाले आहे, की मधला माणूस कुठेही गेलेला नाही. दुकानदार जी कामे एकटा करत होता, त्यांचे तुकडे झाले आणि प्रत्येक तुकड्याचे स्वतंत्र बिल येऊ लागले. त्यातली एक-दोन कामे मात्र आता कुणीच करत नाही, आणि सगळ्यात महाग तीच पडतात.

दुकानदार करतो तरी काय, हे आधी पाहिले पाहिजे. मी ज्यांच्या दुकानाविषयी लिहितो आहे त्यांना सगळे अण्णा म्हणतात. गिऱ्हाईक पायरी चढून आत येईपर्यंत अण्णांनी त्याच्या पायाकडे पाहून नंबर ठरवलेला असतो. चवडा रुंद असेल तर ते एक नंबर मोठा न देता पट्टा सैल करून देतात. जोड हातावर घेऊन वाकवून दाखवतात, बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याचा रंग जोडागणिक थोडा वेगळा का असतो ते सांगतात, आणि शेवटी बजावतात की पहिले काही दिवस ही लागेल, रात्री तेलाचा हात फिरवून ठेवा, पावसात घालू नका. या सगळ्याला दहा मिनिटे लागतात आणि त्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही, कारण ते जोडाच्या किमतीतच धरलेले असतात. मालाची निवड, साठवण, मांडणी, उधारी, तक्रार ऐकून घेणे, न खपलेला माल सांभाळणे ही कामेही त्याच किमतीत येतात.

मार्केटप्लेसवर याच कामांना नावे आणि दर आहेत. विक्रीवर कमिशन, प्रत्येक ऑर्डरमागे ठरावीक शुल्क, वजन आणि अंतर यांनुसार वाहतूक, त्यांच्या गोदामात माल ठेवला तर साठवणुकीचे भाडे, शोधात वर दिसायचे असेल तर जाहिरात आणि परत आलेल्या मालाचे परतीचे शुल्क. या सर्व सेवांवर १८ टक्के जीएसटी. दर प्लॅटफॉर्मनुसार आणि मालाच्या प्रकारानुसार बदलतात, म्हणून उदाहरणासाठी सोयीचे आकडे घेतो. १,२०० रुपयांना विकलेला एक जोड घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे यातले सुमारे ५७ रुपये सरकारचे. १२ टक्के कमिशन धरले तर १४४, ठरावीक शुल्क ४०, वाहतूक ९५, असे २७९ रुपये झाले, आणि त्यांवरचा जीएसटी ५० रुपये. प्लॅटफॉर्म विक्रीच्या मूळ रकमेतून जीएसटी कायद्याखाली अर्धा टक्का आणि प्राप्तिकरापोटी ०.१ टक्का कापून घेतो. हे दोन्ही पैसे आणि शुल्कांवरचे ते ५० रुपये नंतर करात वळते करून मिळतात, पण त्यासाठी विवरणपत्रे वेळेवर भरलेली असावी लागतात. सगळी देवाणघेवाण मिटल्यावर विक्रेत्याकडे साधारण ८६४ रुपये राहतात. कातडे आणि मजुरी मिळून ६५० आणि खोके, टेप, लेबल यांचे ३० वजा केले, तर उरले १८४.

एवढ्यावर कुणी म्हणेल की १८४ काही वाईट नाहीत. खरे आहे. पण हा हिशेब विकल्या गेलेल्या आणि विकलेलाच राहिलेल्या जोडाचा आहे. पादत्राणे आणि कपडे यांत माल परत येण्याचे प्रमाण इतर मालापेक्षा जास्त असते, हे या धंद्यातला प्रत्येक जण जाणतो. पाच जोड गेले आणि एक परत आला असे धरू. चार जोडांचा नफा ७३६. परतीच्या जोडाचे जाण्यायेण्याचे २०० आणि फुकट गेलेल्या खोक्याचे ३० गेले, की उरतात ५०६. जोड पुन्हा विकण्याजोगा असेल तर एवढ्यावर भागते. तो कुणी लग्नात एक दिवस घालून परत पाठवला असेल, तळ घासला असेल, पट्ट्यावर घामाचा डाग असेल, तर त्याचे ६५० रुपयेही गेले आणि चार जोडांची सारी कमाई संपून वर १४४ रुपये पदरचे गेले. परतावा म्हणजे फक्त टपालखर्च, ही समजूत इथे मोडते. कधीकधी खोक्यातून निघणारा जोड आपला नसतोच. रेक्झिनची जुनी चप्पल त्यात निघते. तशा वेळी दावा करता येतो, पण त्यासाठी पार्सल उघडतानाचा न तुटलेला व्हिडिओ लागतो. म्हणून अण्णांचा मुलगा हल्ली परतीचे प्रत्येक पार्सल मोबाइल समोर रोवून फोडतो. दुकानात परतीचा जोड गिऱ्हाईक हातात घेऊन उभे असायचे, आणि भांडण झालेच तर तोंडातोंडी मिटायचे.

परत येणारा सगळाच माल लबाडीचा नसतो, किंबहुना बहुतेक नसतो. हाताने शिवलेल्या चपलेत दोन कारागिरांचा आठ नंबर एकसारखा नसतो. मोबाइलचा पडदा सरकवून जोड निवडणाऱ्याला यंत्रावर बनलेल्या बुटाचा आठ नंबर माहीत असतो आणि तो तोच मागवतो. नवा जोड पायाला लागतो, कारण कडक कातडे पायाच्या मापाने हळूहळू बसते. हे सांगणारे कुणी नसल्यामुळे गिऱ्हाईक पहिल्या संध्याकाळी परतीचे बटण दाबते आणि "अतिशय कडक, दर्जा वाईट" असे लिहून एक तारा देते. दुसरे कुणी जुलैच्या पावसात घालते आणि तळ फुगला म्हणून एक तारा देते. कुरियर चार दिवस उशिरा आला म्हणून मिळणारा ताराही चपलेच्याच नावावर लागतो. वर म्हटलेली, कुणीच न करणारी कामे ती हीच: माप घेणे आणि मन वळवणे. मुलाने लिस्टिंगमध्ये, म्हणजे प्लॅटफॉर्मवरच्या वस्तूच्या पानावर, मापाचा तक्ता टाकला, तेल लावण्याच्या सूचना टाकल्या, खोक्यात मराठी आणि हिंदीतला छापील कागद टाकला. उपयोग झाला, पण थोडा. कारण फोटोखालचा मजकूर किती जण वाचतात, हे आपण स्वतःवरूनच ओळखू शकतो.

कॅश ऑन डिलिव्हरीचा प्रकार वेगळाच आहे. तिथे गिऱ्हाइकाने अजून काहीच दिलेले नसते, त्यामुळे दारात आलेले पार्सल नाकारायला त्याला काही लागत नाही. फोन उचलला नाही, घराला कुलूप होते, मन बदलले, अशा कारणांनी न पोचता माघारी येणाऱ्या पार्सलला धंद्यात आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात. कोल्हापूरहून गुवाहाटीला जाऊन आलेला जोड तीन आठवडे प्रवासात असतो, आणि तेवढा काळ तो विक्रीलाही नसतो आणि हिशेबालाही नसतो. जे पार्सल नीट पोचते त्याचेही पैसे लगेच येत नाहीत. ते साधारण आठवडाभराने खात्यात जमा होतात, आणि दरम्यान कारागिराची मजुरी आठवड्याच्या आठवड्याला द्यावी लागते, कातडेवाला तर रोखीशिवाय बोलत नाही. ऑनलाइन विक्रीला भांडवल लागत नाही असे म्हणणाऱ्यांनी हा मधला काळ कधी मोजलेला नसतो.

वजनाची गोष्टही सांगून टाकतो. कुरियर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांतले जे जास्त असेल ते धरतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागले की किलोमधले आकारमानी वजन मिळते. ३५ बाय २५ बाय १२ चा खोका म्हणजे २.१ किलो, आतला जोड पाऊण किलोचा असला तरी. दुकानातली सुंदर, ऐसपैस खोकी म्हणूनच ऑनलाइनला चालत नाहीत.

आता "शून्य कमिशन" या शब्दांकडे येऊ. मीशोने २०२१ मध्ये विक्रेत्यांवरचे कमिशन शून्य केले आणि अनेकांचा समज झाला की तिथे विकणे फुकट आहे. कंपनीचे उत्पन्न मुख्यतः मालाच्या पोचवणीची व्यवस्था आणि जाहिराती यांतून येते, म्हणजे एका खिडकीवरचे शुल्क दुसऱ्या खिडकीवर गेले. ॲमेझॉनने एप्रिल २०२५ मध्ये ३०० रुपयांखालच्या पुष्कळ मालावरचे विक्री-कमिशन माफ केले. तिथेही बाकीची शुल्के राहिलीच. यात फसवणूक आहे असे माझे म्हणणे नाही. गोदाम, कुरियर, सर्व्हर, तक्रारनिवारण यांना खर्च येतो आणि तो कुणीतरी भरणारच. माझे म्हणणे एवढेच आहे, की कमिशनचा आकडा पाहून प्लॅटफॉर्म निवडू नये. महिनाअखेरीस बँकेत आलेल्या रकमेला टिकलेल्या विक्रीच्या जोडांनी भागावे आणि येणाऱ्या आकड्यावर निर्णय घ्यावा.

एकदा लिस्टिंग टाकले की गिऱ्हाईक येतेच, ही समजूत तर इतकी पक्की आहे की ती बोलूनही दाखवली जात नाही. "कोल्हापुरी चप्पल" असा शोध घेऊन पाहा. पाने संपत नाहीत, आणि पहिल्या रांगेतल्या बऱ्याच वस्तूंवर बारीक अक्षरांत प्रायोजित असे लिहिलेले असते. त्या जागेचे पैसे क्लिकमागे द्यावे लागतात, गिऱ्हाईक घेवो अथवा न घेवो. महाद्वार रोडवर मोक्याच्या जागेला पागडी असते, तशी इथेही असते. फरक इतकाच की ती रोज नव्याने लिलावात निघते.

त्या पानांवर दिसणाऱ्या कितीतरी कोल्हापुरींनी कोल्हापूर पाहिलेले नसते. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचे मिळून आहे. मानांकन मिळाले म्हणजे नकली माल आपोआप उतरवला जाईल, असे अण्णांसह अनेकांना वाटत होते. तसे होत नाही. मानांकन हा हक्क आहे, पहारेकरी नव्हे. तक्रार हक्कदाराने करायची, पुरावा त्याने द्यायचा, आणि एक लिस्टिंग उतरले की तोच माल दुसऱ्या नावाने वर येतो. स्वतःच्या दुकानाचे नाव सुरक्षित ठेवायचे असेल तर पादत्राणांसाठी असलेल्या वर्ग २५ मध्ये ट्रेडमार्कचा अर्ज करावा लागतो, त्याचे सरकारी शुल्क व्यक्ती आणि लघुउद्योगांना ऑनलाइन ४,५०० रुपये आहे, आणि तो अर्ज झाल्याशिवाय मोठ्या प्लॅटफॉर्मवर ब्रँड म्हणून नोंद होणे अवघड जाते. ती नोंद नसेल तर तुमच्याच फोटोंच्या लिस्टिंगला दुसरा विक्रेता येऊन चिकटतो, दहा रुपये कमी लावतो आणि ऑर्डर त्याच्याकडे वळते. लिस्टिंगखालचे जुने चांगले अभिप्राय त्यालाही मिळतात.

जीएसटीविषयी दोन्ही टोकांच्या समजुती आहेत. काहींना वाटते की ऑनलाइन विकायला नोंदणी लागतच नाही, काहींना वाटते की पहिल्या रुपयापासून लागते. दुसरी गोष्ट पूर्वी खरी होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम सैल झाला. उलाढाल नोंदणीच्या मर्यादेत, म्हणजे महाराष्ट्रात मालासाठी ४० लाखांच्या आत असेल आणि विक्री राज्यातल्या राज्यात असेल, तर नोंदणीऐवजी केवळ एक नावनोंदणी क्रमांक घेऊन विकता येते. सवलत चांगली आहे, पण कोल्हापूरसाठी तिच्यात एक गंमत आहे. बिननोंदणीचा विक्रेता इथून नागपूरला जोड पाठवू शकतो, निपाणीला नाही. कागल ओलांडले की दुसरे राज्य सुरू होते, आणि जिथून रोज माणसे एसटीने येऊन आमच्याकडून चपला नेतात ते गाव प्लॅटफॉर्मवर परमुलूख ठरते. शिवाय नोंदणी नसली तर प्लॅटफॉर्मच्या शुल्कांवरचा १८ टक्के कर वळता होत नाही. वरच्या उदाहरणातले ५० रुपये खर्चातच जातात. गोदामाचे तसेच आहे. भिवंडीच्या गोदामात माल ठेवला तर आपल्याच नोंदणीत जादा पत्ता घालून भागते, बंगळूरच्या गोदामात ठेवायचा तर कर्नाटकची वेगळी नोंदणी घ्यावी लागते. आणि चामड्याचा माल पावसाळ्यात परक्या गोदामात पडून राहिला तर त्याला बुरशी धरते, हे कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नसते.

आणखी एक मोठा गैरसमज गिऱ्हाईक आणि विक्रेता दोघेही बाळगतात: विकणारा प्लॅटफॉर्म आहे, आपण फक्त पुरवठा करतो. कायद्याच्या नजरेत चित्र उलटे आहे. परकी गुंतवणूक असलेल्या ई-कॉमर्स कंपनीला स्वतःचा माल ठेवून थेट ग्राहकाला विकता येत नाही, तिने मध्यस्थच राहायचे, हे केंद्राने २०१६ मध्ये स्पष्ट केले आणि डिसेंबर २०१८ मध्ये ते नियम आणखी घट्ट केले. त्यामुळे बिलावर विक्रेता म्हणून अण्णांच्या दुकानाचे नाव असते. खोक्यावर छापायची एमआरपी, उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क, ही जबाबदारी त्यांची. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्याचे बंधनही विक्रेत्यावर आहे. घरातून विकणाऱ्या एका बाईंना आपला राहता पत्ता वस्तूच्या पानावर सगळ्यांना दिसतो हे कळल्यावर धक्का बसला होता. नियमच तसा आहे.

जबाबदारी विक्रेत्याची असली तरी गिऱ्हाईक मात्र त्याचे नसते. त्याचा फोन नंबर दिसत नाही, खोक्यात दुकानाचे कार्ड घालून पुढच्या वेळी थेट मागवा असे लिहिले तर खात्यावर कारवाई होऊ शकते. तीनदा समाधानाने खरेदी केलेले गिऱ्हाईक चौथ्यांदा पुन्हा शोधाच्या पट्टीतच उभे राहते. दुकानात याच्या उलट घडते. एकदा येऊन गेलेला माणूस सोलापूरहून किंवा ठाण्याहून व्हॉट्सॲपवर कागदावर काढलेले पावलाचे माप पाठवतो, अण्णा त्यावरून जोड बनवून घेतात आणि पार्सल करतात. त्यात परत येणारे जोड क्वचितच असतात. हीही ऑनलाइन विक्रीच आहे, पण सल्ले देणाऱ्यांच्या बोलण्यात ती कधी येत नाही.

याचा अर्थ मार्केटप्लेस म्हणजे लूट, असा काढणारेही आहेत आणि तोही मला पटत नाही. आमच्याच गल्लीतल्या एका बचतगटाचा कांदा-लसूण मसाला प्लॅटफॉर्मवर चांगला चालतो. पाकीट लहान, वजन ठरलेले, मापाचा प्रश्न नाही, खाद्यपदार्थ असल्याने सहसा परत येत नाही, आणि एकदा आवडला की गिऱ्हाईक दोन महिन्यांनी पुन्हा शोधते. त्यांना अन्न सुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक मिळवण्याचा आणि पाकीट गळू न देण्याचा त्रास झाला. तो मार्गी लागल्यावर त्यांचा हिशेब माझ्या वहीतल्या सर्वांत स्वच्छ हिशेबांपैकी आहे. जो माल हाताळून न पाहता, समजावून न घेता विकत घेता येतो, त्याला हा बाजार मानवतो. जिथे दुकानदाराचे बोलणे हा मालाचाच भाग असतो, तिथे तो महाग पडतो.

अण्णांच्या मुलाने हळूहळू स्वतःपुरते नियम केले आहेत. मागे पट्टा आणि बकल असलेल्या, सैल-घट्ट करता येणाऱ्या मोजक्याच जोडांची लिस्टिंग तो चालू ठेवतो. जूनच्या मध्यापासून पावसाळाभर ती बंद असतात. दिवाळीच्या सेलमध्ये तो भाग घेत नाही, कारण तिथली सूट बहुतांशी विक्रेत्याच्या खिशातून जाते आणि सेलमध्ये घाईने घेतलेला मालच जास्त परत येतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये फ्लिपकार्टने पात्र विक्रेत्यांच्या १,००० रुपयांखालच्या मालावर कमिशन शून्य केल्याचे जाहीर केले, तेव्हापासून बापलेकांत एक वाद सुरू आहे. मुलाचे म्हणणे असे, की तळ थोडा पातळ घेतला आणि पट्ट्यावरची कातडी वेणी कमी केली तर ९९९ चा जोड बसतो, कमिशन वाचते, शिवाय हलका झाल्यामुळे नव्या गिऱ्हाइकाच्या पायाला लागणारही नाही. अण्णांचे म्हणणे असे, की त्या जोडाचा तळ वर्षभरात झिजेल आणि नाव त्यांचे खराब होईल. कारागिराने दोन्ही प्रकारांचा एकेक नमुना करून दिला आहे. मी दोन्हींचे हिशेब मांडून दिले: पातळ तळाच्या जोडात, परतीचे प्रमाण खरोखरच घटले तर, जोडामागे थोडे जास्त सुटतात. ते घटेल की नाही हे विकून पाहिल्याशिवाय कळणार नाही, आणि विकून पाहायला अण्णा अजून तयार नाहीत.